स्मृतीचा वाटाड्या : यिशाई सरीद यांच्या एका कादंबरीच्या निमित्ताने

पोलंडमधील नाझी मृत्युछावण्या पाहण्यासाठी सोळा-सतरा वर्षांच्या ज्यू मुलामुलींना गटागटाने नेण्याची प्रथा आता जवळजवळ चार दशकांची झाली आहे. १९८८ साली इस्राएलच्या शिक्षण खात्याने शाळांमार्फत अशा सहली अधिकृतपणे सुरू केल्या. त्याच वर्षी जगभरच्या ज्यू तरुणांसाठी ‘मार्च ऑफ द लिव्हिंग’ या उपक्रमाचाही आरंभ झाला. कोविडच्या साथीपूर्वीच्या वर्षांत एकट्या इस्राएलमधून दरवर्षी सुमारे ४०,००० विद्यार्थी पोलंडला जात असत. एखाद्या समाजाने आपल्या वारशाची दीक्षा पुढच्या पिढीला देण्याचा इतका व्यापक, इतका योजनाबद्ध प्रयत्न आमच्या माहितीत दुसरा नाही. समाजशास्त्रज्ञांनी आणि मानववंशशास्त्रज्ञांनी त्याची दखल पुष्कळ घेतली. ललित साहित्याने मात्र उशिरा आणि जपून. यिशाई सरीद यांची ‘मिफ्लेत्सेत हा-झिकारोन’ ही हिब्रू कादंबरी २०१७ साली आली. यार्डेन ग्रीनस्पॅन यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद ‘द मेमरी मॉन्स्टर’ या नावाने २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आमचे विवेचन या अनुवादावर आधारलेले आहे.

या कादंबरीची चर्चा बहुधा ‘सहलींवरची टीका’ म्हणूनच झाली. आम्हांला ती तेवढीच वाटत नाही. मेलेल्यांची हकीकत लेकरांना सांगण्याचा अधिकार कोणाचा, ती कोणत्या घाटात सांगावी, आणि सांगणाराचे त्यात काय होते, हा तिचा खरा विषय आहे. सहल हे त्या विषयाचे रंगस्थळ होय.

कादंबरीकडे वळण्यापूर्वी या प्रवासाची रचना नीट पाहिली पाहिजे. कारण ती रचना स्वतःच एक कथानक आहे. इस्राएली शाळांचे गट साधारण आठवडाभर पोलंडमध्ये असतात. वॉर्सा, लुब्लिन, क्राकोव्ह ही शहरे. ट्रेब्लिंका, मायदानेक, ऑश्विट्झ या छावण्या. मधेच टिकोत्सिनसारखे एखादे गाव. टिकोत्सिनला १६४२ सालचे देखणे सिनेगॉग आहे. गावातल्या ज्यूंना ऑगस्ट १९४१ मध्ये जवळच्या वुपुखोवोच्या रानात नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. मुले आधी सिनेगॉगमध्ये गातात, मग बसमधून त्याच रानात जातात. म्हणजे जीवन आणि मृत्यू यांच्यात वीस मिनिटांचा रस्ता. मुलांच्या अंगावर निळ्या-पांढऱ्या रंगाचे कपडे असतात, खांद्यावर राष्ट्रध्वज, सोबत सशस्त्र रक्षक आणि शक्य असेल तेथे छावणीतून वाचलेला एखादा वृद्ध साक्षीदार. या गटाला हिब्रूत ‘मिश्लाहात’ म्हणतात, म्हणजे शिष्टमंडळ. हा शब्द आम्हांला फार बोलका वाटतो. सहलीला गेलेले मूल स्वतःसाठी जाते; शिष्टमंडळातले मूल कोणाचा तरी निरोप घेऊन जाते.

‘मार्च ऑफ द लिव्हिंग’ची रचना तर याहूनही उघड आहे. होलोकॉस्ट-स्मृतिदिनी ऑश्विट्झपासून बिर्केनाऊपर्यंतचे तीनेक किलोमीटर अंतर चालायचे, आणि आठवडाभराने इस्राएलमध्ये हुतात्मा सैनिकांचा स्मृतिदिन व त्याला लागूनच येणारा स्वातंत्र्यदिन साजरा करायचा. ज्यू पंचांगात हे दिवस असे जवळजवळ आहेत, त्यामुळे प्रवासाला आयताच आरंभ, मध्य आणि शेवट मिळतो : राख, मग रक्त, मग ध्वज. ज्याला कथानकाची थोडीफार जाण आहे, त्याच्या लक्षात येईल की या कथेचा शेवट विमानाचे तिकीट काढतानाच ठरलेला असतो. मुलाने वाटेत काय विचार केला यावर तो अवलंबून नाही.

सरीद यांचा निवेदक या ठरलेल्या कथेचा पगारी कथेकरी आहे. त्याला कादंबरीभर नाव नाही. संपूर्ण कादंबरी म्हणजे त्याने ‘याद वाशेम’ या स्मारकसंस्थेच्या अध्यक्षांना लिहिलेले एक लांबलचक पत्र आहे. पत्र म्हणण्यापेक्षा खुलासा म्हणावा. आपल्या हातून एक अनुचित प्रकार घडला आहे, त्याची कारणे सादर करीत आहे, असा त्याचा सूर. हा इतिहासाचा अभ्यासक आवडीने या विषयाकडे आलेला नाही. नोकरीची निकड होती, या क्षेत्रात वाव होता, म्हणून तो आला. वेगवेगळ्या छावण्यांतील संहाराच्या कार्यपद्धतींचा तौलनिक अभ्यास हा त्याच्या प्रबंधाचा विषय. घरी पत्नी आणि लहान मुलगा, उपजीविकेसाठी विद्यार्थ्यांचे, सैनिकांचे, पर्यटकांचे गट छावण्यांतून फिरवणे, आणि हळूहळू पोलंडमधला मुक्काम घरच्या मुक्कामापेक्षा लांबत जाणे, अशी त्याची वाटचाल.

या निवेदनाची भाषा हे कादंबरीचे पहिले यश आहे. कार्यालयीन अदबीने लिहिणारा माणूस कोठेही आवाज चढवीत नाही. कोणत्या छावणीत कोणता वायू वापरला, दिवसाला किती माणसे ‘हाताळली’ जात, प्रेतांची विल्हेवाट कशी लावीत, हे तो विद्यार्थ्यांना काटेकोरपणे सांगतो. आणि वाचकाच्या ध्यानात येते की त्याची भाषा ज्यांचा तो अभ्यास करतो आहे त्या अधिकाऱ्यांच्या भाषेसारखी होत चालली आहे. सरीद हे कोठेही सुचवीत नाहीत, फक्त घडू देतात. ज्ञान जितके नेमके, तितका शोक पातळ. मुलांना रडू यावे अशी शिक्षकांची अपेक्षा असते, आणि हा गृहस्थ त्यांना यंत्राची रचना समजावून देत असतो. शिक्षक त्याच्यावर नाराज होतात. गंमत अशी की दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर आहेत.

मायदानेकचा भाग आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटला. ही छावणी लुब्लिन शहराला अगदी खेटून आहे. कुंपणापलीकडे वस्ती दिसते. तेथे हिंडताना निवेदकाच्या कानांवर काही मुलांची कुजबुज पडते : अरबांचेही असेच करायला हवे. हे बोल एखाद्या दुष्ट मुलाचे नाहीत. थकलेल्या, भारावलेल्या, घरापासून दूर आलेल्या पोरांचे आहेत. निवेदक आणखी एक गोष्ट टिपतो. मुलांचा राग जर्मनांवर फारसा नसतो, तो पोलिश लोकांवर असतो. रुबाबदार गणवेश, शिस्त, कार्यक्षमता यांचे एक चोरटे आकर्षण मुलांच्या मनात असते; आणि दारिद्र्यात खितपत पडलेल्या, भित्र्या, कधी संधिसाधू शेजाऱ्याबद्दल तिरस्कार. पुढे एक विद्यार्थी अगदी सरळपणे सांगतो की, जगायचे तर आपल्यालाही थोडे नाझी व्हावे लागेल. शिक्षक हादरतात. निवेदक हादरत नाही, कारण इतक्या दिवसांच्या प्रवासातून निघणारा हा एक तर्कशुद्ध निष्कर्ष आहे, हे त्याला कळून चुकले आहे. दुबळे होते म्हणून मेले, असे दाखवीत नेल्यावर मुलाने बळाची पूजा केली तर नवल ते काय?

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. यिशाई सरीद हे योसी सरीद यांचे चिरंजीव. योसी सरीद १९९९-२००० या काळात इस्राएलचे शिक्षणमंत्री होते. म्हणजे या सहली ज्या खात्याच्या, त्या खात्याचे प्रमुख. १९९२-९३ मध्ये त्याच पदावर असलेल्या शुलामित अलोनी यांनीही या सहलींतून रुजणाऱ्या आक्रमक राष्ट्रभावनेबद्दल नापसंती बोलून दाखवली होती. तेव्हा कादंबरीतला आक्षेप कोणा उपऱ्याने घेतलेला नाही. तो घरातला, स्वयंपाकघरात बसून घेतलेला आहे. परक्या वाचकाने तो उचलून त्या समाजावर फेकू नये, एवढे तारतम्य आपण बाळगले पाहिजे.

कादंबरीच्या उत्तरार्धात निवेदकाचे गिऱ्हाईक बदलत जाते. एक मंत्री येतो, छावण्यांवर संगणकीय खेळ तयार करणारे सल्ला मागतात, लष्कराला छावणीच्या जागी एक दिमाखदार समारंभ हवा असतो. हा समारंभ वाचताना कोणाला अतिशयोक्ती वाटेल. पण ४ सप्टेंबर २००३ रोजी इस्राएली हवाई दलाची एफ-१५ विमाने ऑश्विट्झवरून खरोखरच उडाली होती, आणि तेथील संग्रहालयाने त्याबद्दल नाराजीही व्यक्त केली होती. वास्तवाने उपहासाला मागे टाकावे, असा हा विषय आहे.

शेवटी निवेदक एका जर्मन चित्रपटकाराला ठोसा मारतो. ज्या ‘अनुचित प्रकारा’चा खुलासा म्हणून पत्र लिहिले गेले, तो हा. आमच्या मते कादंबरीतला हा सर्वांत कच्चा दुवा आहे. इतका वेळ ज्या हिंसेच्या आकर्षणाचे निदान शांतपणे केले, तिलाच निवेदक बळी पडतो, हे तात्त्विक दृष्ट्या सुसंगत असेलही. परंतु प्रसंग आधीच ठरवून त्याकडे कथा हाकत नेल्यासारखे वाटते. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेवर जो आक्षेप आम्ही वर घेतला, तोच येथे कादंबरीवरही येतो. दुसरे न्यून याहून मोठे आहे. यातली मुले केवळ बोलतात, जगत नाहीत. कुजबुजणारा एक, धक्का देणारा एक, प्रार्थना करणारे काही. पण त्यांतले एकही मूल रात्री हॉटेलच्या खोलीत काय करते हे सरीद यांना ठाऊक नाही, किंवा जाणून घ्यायचे नाही. निवेदक आत्ममग्न आहे, असा बचाव करता येईल. पण तो पुरेसा नाही. पोलिश माणसे तर सावल्यांपुरतीच येतात.

ही उणीव दोन चित्रपट काही अंशी भरून काढतात. असाफ सबान यांचा ‘डेलिगेशन’ (२०२३) हा इस्राएल-पोलंड-जर्मनी यांच्या सहनिर्मितीचा कथापट अशाच एका सहलीवर आहे. फ्रिश, नित्झान आणि इदो हे तीन मित्र. फ्रिशचे आजोबा साक्षीदार म्हणून गटासोबत आलेले. दिवसा छावण्या, रात्री कुजबुज, चोरटी प्रेमे, मैत्रीतले हेवेदावे. ज्या वयात स्वतःचे शरीरच नवे वाटते, त्या वयात या मुलांना लाखो शरीरांच्या नाशापुढे उभे केले जाते. आणि ती तेथे उभी असतानाही एकमेकांकडे पाहत असतात. सबान यात पाप पाहत नाहीत, आणि आम्हांला तेच योग्य वाटते. योआव शमीर यांच्या ‘डिफेमेशन’ (२००९) या अनुबोधपटातला एक प्रसंग मात्र अंगावर येतो. सहलीतल्या काही मुली बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या पोलिश पुरुषांशी बोलायला जातात. भाषा कोणालाच येत नाही. म्हातारे साधे काही बोलतात, आणि मुलींची खात्री पटते की त्यांनी आपल्याला शिव्या दिल्या. कोणी खोटे बोलत नाही. मुलींना आठ दिवस जे ऐकायला शिकवले, ते त्यांनी ऐकले.

जॅकी फेल्डमन यांचा या सहलींवरचा अभ्यासग्रंथ २००८ सालचा. फेल्डमन स्वतः असे गट घेऊन गेलेले आहेत, म्हणून त्यांच्या लिखाणाला आतल्या माणसाचे वजन आहे. बंद बस, बंद हॉटेल, रक्षकांचे कडे, बाहेरच्या जगाशी नाममात्र संबंध : बाहेर पोलंड म्हणजे मृत्यू, आत गट म्हणजे इस्राएल म्हणजे जीवन, अशी विभागणी मुलाच्या शरीराला कशी जाणवून दिली जाते, हे त्यांनी बारकाईने मांडले आहे. पण पोलंडमध्ये ज्यू सुमारे हजार वर्षे राहिले. तेथे यिद्दिश भाषेत नाटके झाली, वर्तमानपत्रे निघाली, पंथ-उपपंथ भांडले, लग्ने जुळली. वॉर्सातल्या ‘पोलिन’ संग्रहालयाचे मुख्य दालन २०१४ मध्ये उघडले, ते या हजार वर्षांसाठी. संहार हा त्या कथेचा एक भाग आहे, सगळी कथा नव्हे. मात्र पोलिश सरकारने यात लक्ष घातले तेव्हा हेतू निव्वळ शैक्षणिक होता, असेही म्हणता येत नाही. पोलिश राष्ट्राला नाझी गुन्ह्यांचे भागीदार म्हणणाऱ्यास शिक्षा देणारा कायदा २०१८ साली त्या देशाने केला, आणि काही महिन्यांतच त्यातील फौजदारी तरतूद मागे घेतली. २०२२ मध्ये सहलींचा आशय आणि सशस्त्र रक्षक या मुद्द्यांवरून दोन्ही देशांत बिनसले, सहली थांबल्या. मार्च २०२३ मध्ये समझोता झाला. मुलांनी काय पाहावे हा प्रश्न दोन परराष्ट्रमंत्र्यांच्या मेजावर गेला, यातच सर्व आले.

तरीही या सहली नसाव्यात, असे आम्ही म्हणणार नाही. साक्षीदार एकेक करून निघून चालले आहेत; संहार झालाच नाही म्हणणारे मात्र पिढ्यान्‌पिढ्या निपजत आहेत. पुस्तकात वाचलेला आकडा आणि काचेमागे ठेवलेले लहान मुलाचे पादत्राण यांत फरक आहे, आणि तो फरक सोळाव्या वर्षी कळलेला बरा. प्रश्न वारसा कोणाचा हा आहे. शिष्टमंडळातली सगळी मुले काही पोलंडमधून आलेल्या कुटुंबांतली नसतात. मोरोक्को, इराक, येमेन येथून आलेल्यांची नातवंडे त्यात असतात, आणि कोकणातून गेलेल्यांचीही.

येथे हा विषय आपल्या भाषेच्या अंगणात येतो. बेने इस्राएल मंडळी पिढ्यान्‌पिढ्या रायगडच्या किनारपट्टीवर तेल गाळीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. घरी भाषा मराठी. १९४८ नंतर त्यांतले बहुसंख्य इस्राएलला गेले. १९६२ मध्ये तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांपूर्वी वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. जेरुसलेममध्ये धरणे धरून, झगडून, १९६४ साली संसदेकडून आपण सर्वार्थांनी ज्यू असल्याचा ठराव त्यांनी मिळवला. ज्यांच्या आजोबांना आपले ज्यूपण सिद्ध करावे लागले, त्यांची नातवंडे ऑश्विट्झमध्ये ध्वज पांघरून उभी राहतात, तेव्हा तो शोक उसना असतो काय? आम्हांला तसे वाटत नाही. शोक रक्ताच्या नात्यापुरता नसतो. पण त्या प्रवासात नवगाव नाही, जेथे जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या पूर्वजांची दफनभूमी दाखवतात. अलिबागजवळचा तो खडक नाही, जेथे एलियाहू हन्नाबीच्या रथाची खूण मानतात. मारले गेल्याची स्मृती राष्ट्राने सांभाळली. तेल गाळीत, मराठी बोलत, कोणाचा त्रास न होता जगल्याची स्मृती घराघरांवर सोपवली.

हीच स्मृती एस्थर डेव्हिड यांच्या ‘बुक ऑफ रेचेल’ या इंग्रजी कादंबरीत आहे. तिला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कोकणातल्या दांडा गावी रेचेल एकटी राहते, ओस पडलेल्या सिनेगॉगची झाडलोट करते, जागेवर डोळा ठेवणाऱ्यांशी भांडते. मुले इस्राएलमध्ये. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी एक पाककृती. सरीद यांच्या कादंबरीनंतर ही वाचली की जाणवते, वारसा सांगण्याचा हा दुसरा घाट आहे : येथे कोणी कोणाला फिरवीत नाही, येणाऱ्याला जेवू घालतात. मुलखापासून दोनशे वर्षे दूर राहून कुळधर्म आणि पुरणाची परात सांभाळणाऱ्या आपल्या घरांना रेचेल ओळखीची वाटेल. मात्र तिच्यातही एक सोयीस्कर गोडवा आहे, आणि सरीद यांच्या कोरड्या पत्रापुढे तो कधीकधी जास्तच गोड लागतो.

ज्यू परंपरेत वारसा सांगण्याचा जुना घाट हगादाचा. वल्हांडणाच्या रात्री मूल प्रश्न विचारते आणि वडीलधारे इजिप्तमधून सुटल्याची कथा सांगतात. प्रत्येक पिढीने आपणच त्या दास्यातून बाहेर पडलो असे मानावे, असा त्याचा दंडक. १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह हगादा शिळाप्रेसवर छापली गेली होती. तेव्हा हा संवाद मराठीत होऊन पावणेदोनशे वर्षे उलटली. पोलंडची सहल याच दंडकाचे आधुनिक रूप आहे, असे आम्हांला वाटते. जणू मीच तेथे होतो. पण हगादात आधी मूल विचारते. सरीद यांच्या कादंबरीत प्रश्न विचारतो तो वाटाड्या, आणि मुलांची उत्तरे ऐकून तोच ढासळतो. वेताळपंचविशीतल्या राजासारखे त्याने प्रेत खांद्यावर घेतलेले आहे. मात्र हा वेताळ गोष्ट सांगत नाही.

या कादंबरीचा मराठी अनुवाद व्हावा, अशी आमची इच्छा आहे. अनुवादकाला शीर्षकापाशीच थांबावे लागेल. ‘स्मृतिराक्षस’ हा शब्द पाठ्यपुस्तकी वाटतो. शिवाय राक्षस बाहेरून येतो, त्याला मारता येते. आम्हांला ‘समंध’ हा शब्द सुचतो. ज्याच्या मागे उत्तरक्रिया करणारे कोणी उरले नाही त्याचा समंध होतो, तो घर सोडीत नाही, आणि ज्याच्या मानगुटीवर बसतो तो बहुधा परका असतो, असे जुनी माणसे सांगत.